बडोद्याच्या मकरपुऱ्यात, एका कारखान्यात नुकताच सुपरवायझर झालोय. नापास माल ‘पाठवून द्या’ असं वरून आलं, तर योग्य निर्णय घ्यायला कसं शिकायचं?

हा निर्णय महिनाअखेरीच्या गडबडीवर सोडू नका. कोणता माल गेटबाहेर जाणार नाही, हे आजच क्वालिटीवाल्यांसोबत बसून लिहून ठेवा. दोष किरकोळ वाटला तर ग्राहकाला तो कळवून लेखी संमती मागा, तशी रीतसर सोय असते. त्याला सांगायची लाज वाटत असेल तर माल थांबवा.

खरं अवघड काम वेगळंच आहे: वर ठरलेलं खालपर्यंत पोचवणं. ते किती अवघड असतं, हे आपल्या बडोद्यानेच दाखवलंय. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेतल्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. १९१७ मध्ये ते संस्थानच्या नोकरीत आले, तेव्हा शिपाईसुद्धा त्यांच्या टेबलावर लांबून कागद टाकत. शहरात राहायला जागा मिळेना, शेवटी बडोदं सोडावं लागलं. महाराजांची इच्छा चांगली होती, पण कचेरीपर्यंत ती पोचलीच नाही. मला हे फार लागतं.

म्हणून रोज फ्लोअरवर जा. मीटिंगमध्ये नव्या ऑपरेटरला आधी बोलू द्या, तुमचं मत शेवटी सांगा. ‘साहेब, हा लॉट बरोबर नाही’ असं कोणी म्हणालं, तर त्याचं नाव पुढे न करता लॉट स्वतःच्या सहीने थांबवा.