युरोपात नेटवर्क चालवताना नोंदी किती काळ ठेवाव्यात?

युरोपीय संघातील दूरसंचार कंपनीत नव्याने रुजू होणारे अभियंते बहुधा जीडीपीआर (वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा युरोपीय संघाचा सर्वसाधारण कायदा) तेवढा वाचून येतात. माझा आग्रह असा की २००२ चा ई-प्रायव्हसी निर्देश (दूरसंचारातील गोपनीयतेचा युरोपीय संघाचा कायदा) आधी वाचावा, कारण ग्राहकाने कोणाशी, केव्हा आणि किती वेळ संपर्क साधला या नोंदींसाठीचे खास नियम त्यातच आहेत. संदेश पोहोचवण्याचे काम संपले की त्या नोंदी पुसाव्यात किंवा निनावी कराव्यात, हा मूळ नियम. बिलासाठी त्या ठेवता येतात, पण बिलाला हरकत घेण्याची किंवा वसुलीची कायदेशीर मुदत असेपर्यंतच.

पोलिसांना कधीतरी लागतील म्हणून सगळेच साठवून ठेवू नका. सहा महिने ते दोन वर्षे साठवणूक सक्तीची करणारा २००६ चा निर्देश युरोपीय न्यायालयाने ८ एप्रिल २०१४ रोजी अवैध ठरवला, आणि २०१६ च्या टेले२ (एक स्वीडिश दूरसंचार कंपनी) निकालात सदस्य देशांच्या सरसकट साठवणुकीच्या कायद्यांनाही अटकाव केला. पुढील निकालांनी राष्ट्रीय सुरक्षा व गंभीर गुन्ह्यांसाठी मर्यादित अपवाद मान्य केले आहेत. म्हणून आपल्या देशातील चालू कायदा विधी विभागाकडून लेखी समजून घ्यावा. बिघाड शोधण्यासाठी सुरू केलेले आणि नंतर विसरले गेलेले लॉग मला सर्वाधिक धोकादायक वाटतात. त्यांना पुसण्याची तारीख पहिल्याच दिवशी लावावी.

माहिती फुटल्यास ती कळवण्यासाठी जीडीपीआरची ७२ तासांची मुदत गृहीत धरू नका. दूरसंचार सेवांसाठी २०१३ च्या विनियमाने, शक्य असेल तेथे, २४ तासांत सक्षम प्राधिकरणाला कळवणे बंधनकारक केले आहे.