शेअर घेतला म्हणजे कंपनी आपली झाली का?

प्रश्न: मी लॉ करतेय. कंपनी लॉ शिकवताना सर सारखं म्हणतात की शेअरहोल्डर हेच कंपनीचे मालक, म्हणून डायरेक्टरांनी फक्त त्यांचा फायदा बघायचा. पण लायब्ररीत लेख वाचायला गेले तर एक प्राध्यापक हे म्हणतो आणि दुसरा बरोब्बर उलटं, डोकं पार भंजाळलंय. परीक्षेत लिहू काय?

उत्तर: भंजाळलंय म्हणजे नीट वाचताय! आधी तो "मालक" शब्द जरा बाजूला ठेवा. 1925 ची मॅकॉरा केस काढून बघा, मॅकॉरा नावाच्या गृहस्थाने इस्टेटीवरचं लाकूड कंपनीला विकलं, कंपनीचे सगळे शेअर त्याचे नाहीतर त्याच्या नावापुरत्या माणसांचे, पण विमा काढला स्वतःच्या नावावर आणि थोड्याच दिवसांत लाकूड जळून खाक. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, सांगितलं, लाकूड कंपनीचं होतं, तुमचं नव्हे, पैसे मिळणार नाहीत. म्हणजे सगळे शेअर खिशात असून एका ओंडक्याचीही मालकी नाही. शेअरहोल्डरकडे असतो मताचा हक्क, जाहीर झालाच तर डिव्हिडंड म्हणजे नफ्यातला वाटा, आणि कंपनी गुंडाळली तर सगळ्यांची देणी भागवून उरेल ते.

पण मालक नाहीत म्हणून डायरेक्टरांनी त्यांचं बघू नये असंही होत नाही हां, तो वेगळा प्रश्न आहे आणि खरी भांडणं तिथेच आहेत. 1931 मध्ये अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक बर्ली यांनी हार्वर्ड लॉ रिव्ह्यू या नियतकालिकात लिहिलं की डायरेक्टरांचे अधिकार शेअरहोल्डरांच्या भल्यासाठीच आहेत, पुढच्या वर्षी दुसरे प्राध्यापक डॉड म्हणाले की कामगार, ग्राहक, समाज यांचंही देणं लागतं. बर्लींची भीती मला आजही पटते, जो सगळ्यांना जबाबदार तो शेवटी कुणालाच जबाबदार राहत नाही. गंमत म्हणजे 1954 मध्ये खुद्द बर्लींनीच मान्य केलं की वाद डॉड यांच्या बाजूने सुटला. मग 1970 ला अर्थतज्ज्ञ फ्रीडमन आले आणि पारडं परत शेअरहोल्डरांकडे फिरलं, 2001 मध्ये हान्समन आणि क्राकमन या कायद्याच्या प्राध्यापकांनी तर शेअरहोल्डरवाल्यांचा विचार जिंकला असंच जाहीर करून टाकलं. त्यानंतरही लेख येतातच आहेत. त्यामुळे लेख हातात घेतला की आधी साल बघायचं.

सर 1919 ची डॉज विरुद्ध फोर्ड ही अमेरिकन केस सांगत असतील, फोर्ड मोटर कंपनीवर तिचेच शेअरहोल्डर डॉज बंधू कोर्टात गेले ती. सगळे त्यातलं "कंपनी शेअरहोल्डरांच्या नफ्यासाठी" एवढंच घोकतात. कोर्टाने फोर्डला सुमारे 1 कोटी 90 लाख डॉलर डिव्हिडंड वाटायला लावला खरा, पण कारखाना वाढवायचा प्लॅन रोखायला नकार दिला, न्यायाधीश काही धंद्यातले जाणकार नाहीत म्हणून. हा दुसरा भाग लिहिणारी मुलं फार कमी.

पेपरात मालकी आणि डायरेक्टरांचं कर्तव्य हे दोन प्रश्न सुटे करून लिहा, मॅकॉरा पहिल्यालाच टाका, आणि मग तुम्हाला कुठली बाजू पटते ते बिनधास्त सांगा. सरांची पटली तरी चालेल, फक्त "कारण ते मालक आहेत" एवढ्यावर भागवू नका.