वाचकांचे प्रश्न : नोकरी सोडून नर्सिंगकडे

प्रश्न : वय ३२, बारावी कॉमर्स, सध्या हिशेबाचं काम करते. मुलगा सहा वर्षांचा. नर्सिंग जमेल का? घरची राहिलेली कामं कधी उरकायची?

उत्तर : जमेल, ताई. बी.एस्सी. नर्सिंगसाठी सायन्स लागतं. जीएनएमला (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, म्हणजे नर्सिंगची पदविका) कोणत्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजीसह ४० टक्के हवेत. वयोमर्यादा मात्र ३५ आहे, म्हणून प्रवेश लांबवू नका.

घरची कामं प्रवेशाआधीच उरका. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी पुरते, पण वॉर्डमधली ड्यूटी १०० टक्के भरावी लागते. बुडालेला प्रत्येक दिवस पुढे भरून काढावा लागतो आणि बहुतेकांची सुट्टी तिथेच संपते. म्हणून दात-डोळे तपासून घ्या, कागदपत्रांवरचं नाव सगळीकडे एकच करा. हिपॅटायटिस बीची लस आत्ताच सुरू करा; तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात.

तुमचा हिशेबी हात इथे खरंच कामी येईल. ५०० मिली सलाइन ८ तासांत, सेट (सलाइनची नळी) २० थेंबांचा, म्हणजे एका मिलीचे २० थेंब : ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. तासांची मिनिटं करायला विसरलं की इथेच चुकतं.

मुलाला सांभाळायला दोन माणसं ठरवून ठेवा. एकावर विसंबू नका.