काका, मामा आणि पाझर तलाव

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

पाडव्याला व्हिडिओ कॉलवर काका आणि मामाची राजकारणावरून अशी जुंपली, की शेवटी आजीनं फोन पालथा घातला. तू तेव्हा काहीच बोलली नाहीस. रात्री मात्र होस्टेलवरून तुझा निरोप आला: ‘आई, मराठी माणसं पक्षावरून इतकी भांडतात, मग एकत्र येऊन काही करतात तरी कसं?’ फोनवर आटपण्यासारखं हे उत्तर नाही, म्हणून पत्र लिहायला बसले.

भांडण आपल्याला नवं नाही. टिळक आणि आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकत्र राहिले. पुढं सामाजिक सुधारणेवरून त्यांचं इतकं फाटलं, की ज्या ‘केसरी’चे आगरकर पहिले संपादक होते तोच त्यांनी सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. दोघांनी एकमेकांवर लिहिताना हात आखडता घेतला नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्षाचे म्हणजे शेकापवाले एका समितीत बसले. १ मे १९६० ला राज्य मिळालं आणि थोड्याच काळात ती समितीही फुटली. म्हणजे आपण कायम गुण्यागोविंदानं नांदलो, असं मी तुला सांगितलं तर ते खोटं होईल.

तुझ्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर आपल्या घरातच आहे. काकाला त्यातली एक बाजू माहीत आहे, मामाला दुसरी.

काकाची बाजू माण तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, जनावरं मातीमोल भावानं गेली. तुझी आजी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती. ती खडी फोडायला जायची. कामावर सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ मिळायचा आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही, हे तिनं तुलाही सांगितलं आहे. ऐन उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसं अशा दुष्काळी कामांवर होती. पुढं काका लहान असताना ती पुन्हा मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव लावून पाणी जमिनीत मुरवणाऱ्या पाझर तलावाच्या कामावर गेली. काका बांधाच्या कडेला लिंबाखाली खेळायचा. पण या वेळचं काम सरकारनं कनवाळूपणानं दिलेलं नव्हतं. ते कायद्यानं तिच्या हक्काचं होतं.

तो कायदा म्हणजे रोजगार हमी. ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना वि. स. पागे यांची. ते काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती. दुष्काळाच्या आधीच सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला होता. १९७७ साली दोन्ही सभागृहांनी हा कायदा एकमतानं मंजूर केला. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक होते ते. त्यानंतर जे झालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९७८ मध्ये सरकार बदललं आणि पुरोगामी लोकशाही दलाचं आलं. त्यात काँग्रेसमधून फुटलेले होते, जनता पक्ष होता, शेकाप होता. आधीच्या सरकारनं केलेला कायदा म्हणून त्यांनी तो बासनात गुंडाळला नाही. २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आणला. पुढं २००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

आता मामाची बाजू. कामाला पैसे लागतात, ते कुठून आणायचे? त्यासाठी १९७५ पासून राज्यात व्यवसाय कर लागला. सगळा भार त्यावर नव्हता, पण शहरातल्या पगारदाराचा वाटा तिथून जायचा. तुझे आजोबा, म्हणजे माझे बाबा, मुंबईत बँकेत कारकून होते. वर्षाला २५० रुपयांच्या वर हा कर लावता येणार नाही अशी घटनेतच मर्यादा होती, पण त्यांच्या पगारात तेवढंही जाणवायचं. महिनाअखेरीला वाणसामानाची यादी करताना ते कुरकुरायचे, मला आठवतं. त्यांचा त्या सरकारवर राग होता, मतही ते कायम विरोधात द्यायचे. एकदा मी विचारलं, ‘मग हे पैसे देता कशाला?’ त्यांनी पगारपत्रकावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘हे सरकारला नाही, कामावर गेलेल्या बाईला जातात.’

तेव्हा माझं लग्न कुठं ठरलं होतं! ती बाई पुढं माझी सासू होईल, हे त्यांना काय ठाऊक?

सगळं गोड झालं असं समजू नकोस. मस्टरवर खोट्या हजेऱ्या लागल्या, मेलेल्या माणसांच्या नावानं मजुरी उचलली गेली, कागदावरचे बांध पहिल्या पावसात शोधूनही सापडेनात. आजी सांगते, त्यांच्या कामावरचा मुकादम त्यांच्याच भावकीतला आणि घरच्यांच्याच पक्षाचा होता. त्यानं दोन खोटी नावं लावली. आजीनं आणि आणखी चौघींनी तहसीलला जाऊन तक्रार दिली. घरात त्यावरून महिनाभर अबोला होता. दुसऱ्या पक्षाचा मुकादम असता तर सगळं घर तिच्यासोबत गेलं असतं. आपला होता, म्हणून ती एकटी पडली.

हे मी तुला सांगते, कारण मला तेवढं जमलेलं नाही. मागच्या निवडणुकीत मला न आवडणाऱ्या पक्षाविरुद्धचा एक व्हिडिओ मी घरच्या ग्रुपवर टाकला होता. दोन दिवसांनी कळलं, तो दुसऱ्याच राज्यातला जुना व्हिडिओ होता. मी तो गुपचूप काढून टाकला, पण ‘हे खोटं होतं’ असं लिहिलं नाही. काकानं तो खरा मानला आणि पाडव्याला मामाला सुनावताना त्याचाच दाखला दिला. त्या भांडणात माझीही काडी होती, मुक्ता. काल रात्री मी ग्रुपवर तसं स्पष्ट लिहिलं. अजून कुणाचं उत्तर नाही.

काका आणि मामानं एकाच पक्षाला मत द्यावं असं मला अजिबात वाटत नाही. दोघांनाही आपापलं गाऱ्हाणं आहे आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. काका पाणी आणि हमीभावाबद्दल बोलतो, मामा लोकलची गर्दी आणि घरांच्या किमतींबद्दल. पण पाडव्याला काका म्हणाला, ‘तुम्हा शहरवाल्यांनी आमच्यासाठी केलंय काय?’ आणि मामा म्हणाला, ‘तुम्हाला सगळं फुकट लागतं.’ ही दोन वाक्यं माझ्या मनातून जात नाहीत. एकाची आई उन्हात माती वाहत होती आणि दुसऱ्याचा बाप त्या मजुरीतला आपला वाटा उचलत होता. दोघंही आपल्याच घराबद्दल खोटं बोलले, न कळत.

रविवारी आजीला फोन करशील ना, तेव्हा तिला त्या तलावाबद्दल विचार. किती दिवस काम चाललं, बरोबर कोण कोण होतं, मजुरी कशी मिळायची, सगळं विचार. काका तिथंच बसलेला असतो. मामालाही त्याच कॉलवर घे. आजोबांची जुनी पगारपत्रकं माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहेत, ती काढून ठेव असं मी त्याला सांगितलं आहे. कशासाठी, ते सांगितलेलं नाही.

तुझी,
आई