विंगेत झोपणारा प्रकाशदंड

प्रश्न: गणेशोत्सवातल्या नाटकात परग्रहवासीयाच्या हाती प्रकाशदंड आहे. दुधी नळीत ३० दिव्यांची डब्ल्यूएस २८१२ बी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येणारी) एलईडी पट्टी, ती चालवणारा आर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि पॉवर बँक. पूर्ण पांढरा उजेड केला की नॅनो रीसेट होते. शिवाय दहा मिनिटं विंगेत थांबलं की दंड पेटतच नाही.
– एक वाचक, इंदूर

उत्तर: ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पूर्ण पांढऱ्यावर एक दिवा ६० मिलिअँपिअरपर्यंत खातो. ३० दिव्यांचे झाले १.८ अँपिअर! बहुधा पट्टीची वीज तुम्ही नॅनोमधून घेतली आहे. तसं नको. पॉवर बँकेच्या ५ व्होल्टच्या तारा थेट पट्टीला जोडा, तिथूनच नॅनोला फाटा द्या. ग्राउंड, म्हणजे ऋण तार, सगळ्यांचा एकच. पट्टीच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचा कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा भाग) हवा. त्याच्या अंगावर छापलेल्या पट्ट्याकडचा पाय ग्राउंडला. उलटा लावलात तर फुटेल. नॅनोकडून पट्टीला हुकूम नेणाऱ्या डेटाच्या तारेत ४७० ओहमचा रेझिस्टर घाला. प्रोग्राममध्ये ब्राइटनेस कमाल २५५ऐवजी ९० ठेवा, अंधाऱ्या रंगमंचावर तेवढा पुरतो.

दुसरं दुखणं पॉवर बँकेचं. दिवे विझले की करंट इतका घटतो, की तिला वाटतं फोन चार्ज झाला. ती स्वतःच बंद होते. पट्टीचे दोन दिवे दंडाच्या मुठीत दडवून, काळ्या टेपखाली पांढरे जळत ठेवा. किंवा बँकेचं बटण बोटाला लागेल असं बसवा आणि प्रवेशाआधी दाबा.

आणि नुसत्या खोचायच्या जंपर वायर नकोतच, दंड आपटला की निसटतात. सांधे डाख देऊन घ्या, वर हॉट ग्लू.