उष्माघाताची नोंद ठेवणारी नर्स धोरणापर्यंत पोचू शकते का?

प्रश्न: मॅडम, मी चंद्रपूर जिल्ह्यातली. बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या मे महिन्यात कॅज्युअल्टीत ड्युटी असताना वीटभट्टीवरच्या एका मजुराला बेशुद्ध अवस्थेत आणलं. अंगाला हात लावला तरी चटका बसत होता. तासाभरात तो गेला. केसपेपरवर 'ताप, बेशुद्ध' एवढंच लिहिलं होतं. अशी माणसं कोणी मोजतं का? मला आपत्ती आणि आरोग्य या विषयात संशोधन करायचंय, सरकारला धोरण ठरवताना उपयोगी पडेल असं. आई म्हणते, संशोधन डॉक्टरांनी करायचं, तू स्टाफ नर्सच्या भरतीचा फॉर्म भर. काय करू?

उत्तर: 'अशी माणसं कोणी मोजतं का?' हे तुझं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. या क्षेत्रातलं काम नेमकं इथूनच सुरू होतं, म्हणून आधी अहमदाबादचं सांगते.

मे २०१० मध्ये तिथं पारा ४६.८ अंशांवर गेला होता. मृत्यूचं कारण म्हणून 'उष्माघात' लिहिलेल्या नोंदी मोजक्याच होत्या. मग संशोधकांनी कारणाचा रकाना बाजूला ठेवला आणि शहरातले सगळेच मृत्यू मोजले. आदल्या आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्याचे आकडे शेजारी मांडले. एरवीपेक्षा १,३४४ माणसं जास्त गेली होती, म्हणजे ४३ टक्के वाढ. तुझा तो मजूर केसपेपरवर हरवला, पण असा हिशेब मांडला की अशी माणसं सापडतात.

या कामातून २०१३ मध्ये अहमदाबाद महापालिकेचा उष्णता कृती आराखडा आला. गांधीनगरची भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था आणि अमेरिकेतली एनआरडीसी ही पर्यावरणासाठी काम करणारी संस्था त्यात महापालिकेबरोबर होत्या. पारा ४५ अंशांना टेकणार असा अंदाज आला की रेड अलर्ट. मग कोणी कोणाला फोन करायचा, पाणपोया कुठे लावायच्या, रुग्णालयांनी काय तयार ठेवायचं, हे आधीच ठरलेलं. पुढे झालेल्या अभ्यासात या आराखड्यामुळे वर्षाला सरासरी ११०० हून अधिक मृत्यू टळले असावेत, असा अंदाज निघाला. नागपूरसह अनेक शहरांनी नंतर असेच आराखडे केले.

त्यातली एक गोष्ट मला फार जवळची वाटते, आणि ती वॉर्डातलीच आहे. तिथल्या एका रुग्णालयात बाळंतिणींचा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली होता. उन्हाळ्यात नवजात बाळं अंग तापून अतिदक्षता विभागात येत होती. वॉर्ड खालच्या मजल्यावर हलवला आणि अशी बाळं कमी झाली. कोणी तरी बाळाचं तापमान, तारीख आणि मजला या तिन्ही गोष्टी नीट लिहून ठेवल्या होत्या म्हणूनच हे सिद्ध करता आलं.

आता तुझ्या केसपेपरकडे येऊ. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांवर आणि शुद्ध हरपलेली किंवा बरळणं, यावरून उष्माघात ओळखतात. काखेत लावलेला थर्मामीटर बऱ्याचदा कमी आकडा दाखवतो. गुदमार्गातलं तापमान घेतलं नाही, घेतलेलं लिहिलं नाही, की निदानच हातून निसटतं. रुग्णाला गार करणं आधी, हे तुला माहीत आहेच. पण तो आकडा आणि ती वेळ लिहिणारा हात बहुतेक वेळा नर्सचाच असतो.

आईंना एक उदाहरण सांग. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, कॉलऱ्यानं माणसं पटापट मरत होती आणि सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते रुग्णांना पाजायला नातेवाइकांच्याच हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण तीसएक टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. छावणीतल्या त्या धावपळीतही आकडे लिहिले गेले, म्हणून या पाण्याच्या, म्हणजे ओआरएसच्या, बाजूनं जगापुढे ठेवायला पुरावा होता. ते डॉक्टर होते, हे खरं. पण पेले भरून पाजणारे घरचेच लोक होते.

तरीही आईंचं निम्मं म्हणणं मला पटतं. भरतीचा फॉर्म जरूर भर. दोन-तीन वर्षं वॉर्डात काढलेली मुलगी आणि थेट वर्गातून आलेली मुलगी यांच्या संशोधनात फरक पडतो. पहिलीला कोणता रकाना रिकामा राहतो आणि का, हे ठाऊक असतं. त्यानंतर एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी. गांधीनगरची तीच संस्था, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था, ही माझ्या यादीतली पहिली नावं. टाटा संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचाही स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. पात्रतेचे नियम बदलत असतात, तेव्हा त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाच, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. अभ्यासक्रम निवडताना साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र किती शिकवतात ते बघ. नुसतं 'मॅनेजमेंट' शिकवणाऱ्या महागड्या खासगी कोर्सला पैसे घालू नकोस, असं मी स्पष्टच सांगेन.

नोकऱ्या आहेत, पण जिल्हा पातळीवरच्या बऱ्याचशा राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी. रोगसर्वेक्षण, हवामानबदल आणि आरोग्य हा राष्ट्रीय कार्यक्रम, संशोधन संस्थांचे प्रकल्प, स्वयंसेवी संस्था, अशी ही वाट आहे. पगार सुरुवातीला कायम नर्सपेक्षा कमी असू शकतो. घरी हे आधीच बोलून ठेव.

आणि पदवी मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. तुमच्या कॉलेजच्या मॅडमना मार्गदर्शक करून घे, रुग्णालयाच्या अधीक्षकांची आणि नीतिमत्ता समितीची लेखी परवानगी काढ. एप्रिल ते जून या तीन महिन्यांतल्या बेशुद्ध, चक्कर, तापाच्या नोंदी तारखेनुसार मांड; नावं अजिबात नकोत, फक्त वय, काम, आणल्याची वेळ, तापमान. शेजारच्या रकान्यात हवामान खात्याचं त्या दिवसाचं कमाल तापमान. साधं एक्सेल पुरेल. किती केसपेपरवर तापमानच लिहिलेलं नाही, हेही मोज. कदाचित तोच तुझा सगळ्यात महत्त्वाचा आकडा ठरेल.

परवानगी मिळाली की कोरा तक्ता मला पाठव. रकाने आपण दोघी मिळून ठरवू.