अडखळणाऱ्या मुलांना ऐकून-ऐकून वाचायला शिकवताना

मॅडम, चौथीतली मुलं अजून एकेक अक्षर लावत वाचतात म्हणून खचू नका. सुरुवातीला एवढंच करा:

- पाच-सहा ओळींचा उतारा घ्या. आधी तुम्ही संथ वाचा; मुलाचं बोट तुमच्या आवाजाबरोबर शब्दांखालून सरकू द्या. मग दोघांनी मिळून, मग त्याने एकट्याने.
- तोच उतारा तीन-चार दिवस. कंटाळा तुम्हाला येईल, त्याला नाही.
- घरी ऐकायला पालकांच्या मोबाइलवर रेकॉर्डिंग पाठवा.

अमेरिकेत १९७०च्या दशकात भाषातज्ज्ञ कॅरोल चॉम्स्की यांनी तिसरीच्या मुलांना टेपवर गोष्टी ऐकवत असंच वाचायला लावलं होतं.

आता माझी फजिती. एका पोराने अख्खा उतारा घडाघडा म्हटला, मी खूश. मधल्याच ओळीतल्या ‘पिशवी’वर बोट ठेवलं, तर गप्प! पाठ केलं होतं पठ्ठ्याने. म्हणून रोज दोन-तीन शब्द मधूनच विचारा. बाराखडीचा सरावही बाजूला चालू ठेवा. नुसतं ऐकून अक्षरं येत नाहीत.

दुसरी चूक, शब्दागणिक टोकणं. वाक्य संपू द्या, मग सांगा.

जोडाक्षरं, वेग मोजणं नंतर बघू. आणि वर्गासमोर उभं करून वाचायला लावू नका, निदान दिवाळीपर्यंत तरी.